‘निरोगी मुलींसाठी तरतूद नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही

प्रति,
आमच्या जिल्ह्याच्या आरोग्य समितीचे सन्माननीय सदस्य,
आणि राज्याच्या आरोग्याची धोरणं ठरवणारे सर्व मान्यवर

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात चौदा वर्षांपासून आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. आमच्या महिला ग्रामसभेनं पावसाळ्याआधी एक ठराव केला होता. गावातल्या तरुण मुलींना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी उपकेंद्रातून मिळावं, एवढीच मागणी होती. दिवाळीनंतर त्याचं उत्तर आलं. गरोदर किंवा स्तनदा नसलेल्या निरोगी मुलींसाठी अशी तरतूद नाही, त्यांना सकाळच्या कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला द्यावा, असा त्याचा मतलब. समाजमंदिरात बायका जमल्या होत्या, त्यांना ते मीच वाचून दाखवलं. वाचत होते तेव्हा माझी लेक समोरच बसली होती, डावा पाय लांब करून.

ती २२ वर्षांची आहे. बी. ए. झाल्यापासून पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या भागात पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर या, अशा कितीतरी पोरी धावताना दिसतील. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. या तीन गोष्टींवर त्यांचं आणि त्यांच्या घरादाराचं पुढचं सगळं अवलंबून असतं. अंधारात धावायचं, उजाडायच्या आत घरी यायचं, झाडलोट-स्वयंपाक उरकायचा, तोंडाला स्कार्फ बांधून अभ्यासिका गाठायची आणि संध्याकाळपर्यंत टिनाखाली पुस्तकात डोकं घालून बसायचं. घरी परतेपर्यंत पुन्हा अंधार.

गेल्या हिवाळ्यात तिची नडगी दुखायला लागली. मी रात्री तेल चोळून द्यायची आणि सांगायची, सवय होईल. लोकांच्या घरी जाऊन दुखणं विचारणारी मी, माझ्या घरातलं दुखणं मला ओळखू आलं नाही, याचा सल अजून आहे. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, वीस दिवस राहिले असताना तिला पाय टेकवेना. तालुक्याला नेलं. हाडाला बारीक चीर पडली होती. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं. ती सोय सरकारी दवाखान्यात नव्हती, खासगी लॅबमध्ये १,२०० रुपये भरले. रिपोर्ट आला ८.६, म्हणजे एका मिलिलिटरला इतके नॅनोग्रॅम. रक्तातलं हे प्रमाण २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात आणि १२ च्या खाली गेलं की ती गंभीर असते. तिचं ग्राउंड गेलं.

त्याच्या तीनच महिने आधी गावात किशोरी आणि तरुण मुलींचं तपासणी शिबिर झालं होतं. तिचं वजन, उंची, रक्तदाब घेतला, हिमोग्लोबिन १२.१ आलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘निरोगी’ लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं आहे.

म्हणून हे पत्र मी बंद पाकिटात न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

उत्तरातल्या उन्हाच्या सल्ल्यावर आधी बोलते. विदर्भात उन्हाला काय तोटा, हे वाक्य मी गेल्या वर्षभरात साहेबांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. शेजारच्या काकूही म्हणाल्या, “माय, दिवसभर वावरात राबतो आपन, मंग आपल्याले ऊन कमी कसं काय पडते?” काकूंचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर आपण त्यांना द्यायला हवं होतं.

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अंग शेकतं, बरं वाटतं. पण कातडीत व्हिटॅमिन डी तयार करणारे अतिनील किरण त्या वेळी फारच थोडे पोचतात. सूर्य खाली असला की त्यांना हवेचा थर तिरपा ओलांडावा लागतो आणि बहुतेक किरण वाटेतच शोषले जातात. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल, तर ते ऊन या कामाला फारसं उपयोगी नाही. डिसेंबरच्या शेवटी आमच्या यवतमाळात भर दुपारी, सव्वाबाराच्या सुमाराला, सावली कुठे आपल्याएवढी होते. मग सकाळी सात वाजता काय होत असेल? कोवळ्या उन्हाचा हा सल्ला मी स्वतः चौदा वर्षं घरोघर दिला आहे. मला तो तसाच शिकवला होता.

दुपारचं ऊन घ्यावं म्हटलं, तर एप्रिल-मे महिन्यांत आपलाच विभाग आम्हाला दारोदार पाठवतो आणि १२ ते ३ बाहेर पडू नका असं सांगायला लावतो. ते बरोबरच आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत पारा ४५ च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माणसं उष्माघातानं दगावतात. म्हणजे सकाळचं ऊन पुरत नाही आणि उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन जिवावर बेततं. या दोन सूचनांच्या मध्ये मुलीनं नेमकं कधी आणि कुठे उभं राहायचं, हे मला मिळालेल्या एकाही पत्रकात नाही. खरं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आमचे चांगले चार महिने. तेव्हा साडेअकरा ते एक या वेळेत हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास बसणं सोसतं. पण ते कोणी सांगत नाही.

आणि उघड्या हातापायांनी बसायचं तरी कुठे? माझ्या वस्तीत गच्ची असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळी टिनाची. अंगण रस्त्याला लागून. तरुण मुलगी दुपारी बाह्या वर करून अंगणात बसली तर येणारा-जाणारा काय बोलेल, याची काळजी तिच्या आईला असते. त्यात लग्नाचं वय. “उन्हात जाऊ नको, काळी पडशील” हे आमच्याकडे मुलीला दहाव्या वर्षापासून ऐकवतात. मीही ऐकवलं आहे. सावळ्या कातडीला तेवढंच व्हिटॅमिन डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं, आणि आम्ही सगळ्या सावळ्याच.

आता काकूंच्या वावराकडे या. कापूस वेचणारी बाई जवळून बघा. अंगावर साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला ओढणी. पऱ्हाटीच्या बोंडांची वाळलेली टोकं हात ओरबाडतात, म्हणून हे सगळं लागतं. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून अंग झाकण्याबद्दल कोणी हयगय करत नाही. उन्हात आठ तास राबूनही तिचे डोळे आणि बोटंच उघडी असतात. तिला ऊन लागतं, तिची कातडी मात्र ऊन बघत नाही. आंध्र प्रदेशात तिरुपती भागातल्या निरोगी लोकांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातल्या ७० टक्के स्त्रियांमध्ये व्हिटॅमिन डीचं प्रमाण २० च्या खाली आढळलं, पुरुषांत ४४ टक्के. खेडं, शेत आणि ऊन सगळं असून. केंद्र सरकारच्या २०१६ ते १८ च्या पोषण पाहणीत देशातल्या १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुला-मुलींमध्ये ते १२ च्याही खाली होतं. त्या पाहणीची वयोमर्यादाच १९ होती. माझी लेक २२ ची. तिच्यासारख्यांना कोणी मोजलंच नाही.

दुसरी तक्रार मला जास्त बोचते. आपल्या व्यवस्थेला बाई दिसते ती तिच्या पोटात मूल आलं म्हणजेच.

बाईची गरोदर म्हणून नोंद झाली, १४ आठवडे झाले, की मी तिच्या हातात कॅल्शियमच्या गोळ्या देते. दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट व्हिटॅमिन डी. लोहाच्या गोळीसोबत घेऊ नको, दोन तासांचं अंतर ठेव, हे मी घोकून सांगते. ही योजना चांगली आहे, ती बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण आदल्या वर्षी तीच मुलगी अविवाहित होती, तिची कंबर दुखत होती, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं, तेव्हा माझ्या पिशवीत तिच्यासाठी काही नव्हतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट व्हिटॅमिन डी आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं म्हटलं आहे. त्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद नाही.

हाडं भरण्याचं वय विशीच्या अखेरीपर्यंत असतं. तोवर जेवढं साठेल त्यावर पुढचा जन्म काढायचा. आम्ही नेमकी ती वर्षं सोडून देतो. मुलगी रिकाम्या साठ्यानं सासरी जाते, रिकाम्या साठ्यानं गरोदर राहते, आणि चौदाव्या आठवड्यात सुरू झालेल्या दोन गोळ्या एवढा मोठा खड्डा भरू शकत नाहीत. बाळ जन्मतं ते आईकडे जेवढं आहे तेवढंच घेऊन. आईच्या दुधात व्हिटॅमिन डी फार थोडं असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगते. ते थेंबही आमच्याकडे कधी असतात, कधी नसतात.

लोहाच्या बाबतीत आपण हे शहाणपण दाखवलेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तो मोजला जातो, म्हणून १० ते १९ वयाच्या मुलींना आठवड्याला निळी गोळी आणि त्यापुढच्या बायकांना लाल गोळी आहे. वाटपाची ही साखळी तयार आहे. व्हिटॅमिन डी शरीराच्या चरबीत साठतं, रोज घेण्याची गरज नसते, आठवड्यातून एकदा घेतलं तरी चालतं. म्हणजे त्याच साखळीतून, त्याच दिवशी, त्याच हातांनी ते देता येईल.

भरतीच्या मुलींबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या पाच हजारांवर तरुणींवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत ज्यांना रोज कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, त्यांच्यात हाडाला चीर जाण्याचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. त्या पोरी चांगल्या खात्यापित्या होत्या. आमच्या पोरी चहा-पोळीवर धावतात.

खाण्याचं थोडक्यात सांगते. दूध आमच्याकडे चहापुरतं. रेशनच्या तांदळात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे आले, पण त्यातही व्हिटॅमिन डी नव्हतं. पोळी-भाकरी आणि डाळीतलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की शरीर व्हिटॅमिन डी जास्त वेगानं खर्च करतं. अंड्याच्या पिवळ्या बलकात ते थोडं असतं. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला अंडं द्यायचं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून बघा असं शाळांना सांगितलं. ज्या गावात मजुरीचे पैसे शनिवारी बाजारात संपतात, तिथे लोकसहभाग कोण देणार? १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी पोषण आहाराची योजना आहे, पण आपल्या राज्यात ती आकांक्षित, म्हणजे केंद्रानं मागे पडलेले म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांपुरतीच. विदर्भात गडचिरोली आणि वाशीम. यवतमाळच्या मुली त्यात बसत नाहीत. तेलाचंही तसंच. पाकिटावर निळ्या चौकटीत अधिकचं चिन्ह आणि एफ असं अक्षर असलेल्या तेलात ए आणि डी घातलेलं असतं, दिवसाला २५-३० ग्रॅम खाल्लं तरी शंभर-दीडशे युनिट मिळतात. ती खूण काय आहे, हे आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. बरीच घरं डब्यातलं सुटं तेल आणतात.

सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही, म्हणून लोक दुसरीकडे जातात. तपासणीचं भारी पॅकेज, मग मेडिकलमधून ६०,००० युनिटच्या पुड्या. शेजारच्या गावातल्या एका बाईनं आठवड्याला घ्यायची पुडी रोज घेतली, जवळजवळ महिनाभर. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, तिला कोणी समजावलं नव्हतं. उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टासारखं बोलणं, शेवटी भरती करावं लागलं. रक्तातलं कॅल्शियम बेसुमार वाढलं होतं. जे औषध कमी पडलं तर त्रास आणि जास्त झालं तर धोका, ते दुकानदाराच्या अंदाजावर सोडणं मला भयंकर वाटतं.

मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायची आहे. प्रत्येक थकव्याचं कारण व्हिटॅमिन डी असतं, असं मी म्हणत नाही. माझ्या गावातल्या बायका थकतात त्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीच गोळीनं जाणारी नाहीत. गावातल्या सगळ्यांची ही महागडी रक्ततपासणी करा, असंही मी मागत नाही. धडधाकट माणसाची सरसकट तपासणी करू नये, असंच २०२४ च्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या (हार्मोनच्या डॉक्टरांच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात. पण त्याच सूचना १८ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना तपासणीशिवायच व्हिटॅमिन डीचा पूरक डोस द्यावा, असंही सुचवतात. खर्च तपासणीवर करण्यापेक्षा गोळीवर करा, इतकं साधं आमचं मागणं आहे.

आमच्या ग्रामसभेच्या वतीनं मागण्या अशा:

१. १० ते २५ वयाच्या, गरोदर नसलेल्या मुलींना आठवड्याच्या लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन डी देण्याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यात एका तालुक्यापासून सुरू करावा. डोस किती, हे डॉक्टरांनी ठरवावं.

२. व्हिटॅमिन डीच्या १,००० आणि ६०,००० युनिटच्या गोळ्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने असाव्यात. ज्या मुलीची कंबर, मांड्या, नडग्या महिनोन्‌महिने दुखतात, जिला बसलं की उठता येत नाही, तिला डॉक्टरांनी तपासून त्या मोफत द्याव्यात. ६०,००० युनिटच्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असं मराठीत ठळक छापावं. बाळांचे थेंबही नियमित यावेत.

३. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं एम्स, यांपैकी कोणाकडूनही विदर्भातल्या खेड्यांतल्या १८ ते ३० वयाच्या स्त्रियांची नमुना पाहणी करून घ्यावी. त्यात वेचणीला जाणाऱ्या बायका असाव्यात आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीही.

४. कोवळ्या उन्हाचा सल्ला आमच्या प्रशिक्षणातून आणि पत्रकांतून काढावा. हिवाळ्यात कधी, किती वेळ, किती अंग उघडं ठेवून बसायचं आणि उन्हाळ्यात काय करायचं, हे महिन्यांनुसार लिहून द्यावं. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि अंगणवाडी यांच्या आवारात मुलींना निर्धास्त बसता येईल अशी आडोशाची मोकळी जागा करावी. चार भिंती आणि वर आभाळ, एवढंच लागतं. वित्त आयोगाच्या निधीतून ते करता येत असेल तर आमची ग्रामपंचायत तयार आहे.

५. शाळेतल्या अंड्याचा निधी परत सुरू करावा.

माझी लेक आता बरी आहे. आठ आठवडे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेतलं, तीन महिने धावणं बंद ठेवलं. नुकतीच ती पुन्हा रस्त्यावर उतरली आहे, पण आता उजाडल्यावर धावते आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊन बसते. अभ्यासिकेतल्या आणखी दोघींनी पैसे जमवून तपासणी केली, दोघींचंही प्रमाण २० च्या खाली निघालं. बाकीच्या मुली मला रोज विचारतात, काकू, आमचं काय? त्यांच्याकडे १,२०० रुपये नाहीत.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जो निर्णय होईल तो आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी पाठवावा. येत्या महिन्यात गावात पुन्हा मुलींचं तपासणी शिबिर आहे. रजिस्टर माझ्याकडेच असेल. ज्या मुलींची मी वजन-उंची घेईन, त्यांच्या नावापुढे या वेळी मी ‘निरोगी’ लिहिणार नाही. तो रकाना कोरा ठेवते. तिथे काय लिहायचं, ते आपण कळवावं.

आपली,
एक आशा
यवतमाळ जिल्हा